करार होईपर्यंत थांबू का?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

छत्तीस वर्षांच्या एका वाचक ताई पुणे जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पर्मनंट ऑपरेटर आहेत. कारखान्यात युनियन आहे, आणि पर्मनंट करून घेण्याच्या लढ्यात या ताई स्वतः गेटवर बसल्या होत्या. त्यांच्याच लाइनवरचा एक सहकारी आज युनियनच्या कमिटीवर आहे. गेल्या दिवाळीपासून त्याचे शेरे सुरू झाले, मग रात्री-अपरात्री मेसेज, मग कंपनीच्या बसमध्ये मुद्दाम शेजारी येऊन बसणं. सहा आठवड्यांपूर्वी सेकंड शिफ्टला त्याने टूल क्रिबजवळ, म्हणजे हत्यारं देण्याच्या खिडकीजवळ, त्यांचा हात धरला. त्यांनी युनियनच्या अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ताई, करार तोंडावर आहे. आत्ता हे बाहेर आलं तर मॅनेजमेंटच्या हातात आयतं कोलीत मिळेल. करार होऊ दे, मग त्याला मीच सरळ करतो.’ युनियन आणि मॅनेजमेंटमधला हा पगारवाढीचा करार व्हायला अजून तीन-चार महिने आहेत. दरम्यान एचआरला कुठून तरी कुणकुण लागली. तिथल्या एका साहेबांनी बोलावून टाइप केलेला कागदच पुढे ठेवला: ‘फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो.’ ताई विचारतात: करार होईपर्यंत थांबू, एचआरच्या कागदावर सही करू, की युनियनचाच राजीनामा देऊ? तक्रार केली तर चारशे घरांच्या पगारवाढीत मीच खोडा घातला असं होईल. पुरावा कमी पडला तर मलाच काढतील का? पत्राच्या शेवटी दोन गोष्टी जाता जाता लिहिल्या आहेत. सेटरच्या (मशीन जुळवून देणाऱ्याच्या) जागेसाठी त्यांना दोनदा डावललं गेलं, ‘बायकांना सेटिंग झेपत नाही’ म्हणून. आणि त्याच माणसामुळे एक ट्रेनी मुलगी मागे काम सोडून गेली, असं त्यांना वाटतं.

ताई, नमस्कार.

आधी तारखेचं बोलते. बाकी सगळ्यावर विचार करायला वेळ आहे, तारखेला नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला कारखान्यात सगळे ‘पॉश’ म्हणतात, त्यात तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे. प्रकार एकदाच न घडता वारंवार घडला असेल, तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. टूल क्रिबजवळचा प्रकार शेवटचा धरला, तर तुमची निम्मी मुदत सरली आहे. तक्रार ऐकणाऱ्या समितीला आणखी तीन महिने वाढवून देता येतात, पण उशिराचं कारण तिला पटलं पाहिजे आणि तिने ते लेखी नोंदवलं पाहिजे. ‘करार चालू होता’ हे कारण एखादी समिती ऐकेल, दुसरी नाही ऐकणार. त्या भरवशावर राहू नका.

अध्यक्षांना ही मुदत ठाऊक नसेल तर त्यांना सांगा, आणि सांगितल्यावर ते काय म्हणतात ते नीट ऐका. मुदत ठाऊक असूनही जो ‘थांब’ म्हणतो तो ‘नंतर कर’ म्हणत नसतो, ‘करू नको’ म्हणत असतो. तो माणूस चांगला असू शकतो, तुमच्याबद्दल त्याला कळवळाही असू शकतो. त्याने मुदत थांबत नाही.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य: ‘चारशे घरांच्या पगारवाढीत मीच खोडा घातला असं होईल.’ असं कोण म्हणेल आणि का म्हणेल, हे बघू. हात तुम्ही धरलेला नाही. करार तोंडावर असताना, स्वतः कमिटीवर असताना ज्याने हे उद्योग केले त्याला चारशे घरं आठवली नाहीत, आणि त्यांची काळजी तुम्ही वाहायची? गेटवर बसताना तुम्ही ज्या युनियनसाठी बसलात, तिची अब्रू तुमच्या गप्प बसण्यावर टिकून आहे असं तुम्हाला कुणी तरी पटवून दिलंय. ते मला मान्य नाही.

आणि अध्यक्षांचं ‘कोलीत’? हे जरा शांतपणे बघू, कारण त्यात तथ्य आहे, फक्त ते उलट्या बाजूने आहे. कोलीत मॅनेजमेंटच्या हातात आधीच गेलेलं आहे. एचआरला कुणकुण लागली, कागद टाइप झाला, म्हणजे वाटाघाटीच्या टेबलापलीकडे बसणाऱ्यांना माहीत आहे की अलीकडे बसलेल्या एका कमिटी मेंबरची शेंडी आपल्या हातात आहे. अशा माणसावर काय दबाव येऊ शकतो याचा विचार करा. ‘त्या प्रकरणाचं बघून घेऊ, तुम्ही तेवढं प्रॉडक्टिव्हिटीच्या कलमावर ताणू नका.’ असं होईलच असं नाही. पण होऊ शकतं, आणि झालं तर तुम्हाला, अध्यक्षांना, चारशे घरांना कुणालाच कळणार नाही. प्रकरण झाकलेलं असतं तोवरच त्याचा असा सौदा होतो. एकदा ते समितीकडे रीतसर गेलं, नोंद झाली, मुदती सुरू झाल्या, की एचआरच्या खणात लपवून ठेवण्यासारखं काही उरत नाही. अध्यक्षांशी पुन्हा बोलाल तेव्हा तुमच्या दुःखापेक्षा हा मुद्दा आधी मांडा. युनियन चालवणाऱ्या माणसाला तो लगेच कळतो.

शिवाय करार आणि ही चौकशी यांचा कायद्याने एकमेकांशी काही संबंध नाही. तक्रार आली म्हणून वाटाघाटी थांबवता येत नाहीत. कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रारीतला मजकूर, तुमचं नाव, त्याचं नाव, साक्षीदारांची नावं जाहीर करायला बंदी आहे. तेव्हा मॅनेजमेंटने नोटीस बोर्डावर किंवा पेपरात ‘बघा तुमची युनियन’ म्हणून हे मिरवलं तर ते स्वतःच कायदा मोडतील. तसंच, गेट मीटिंगमध्ये कुणी तुमच्या नावाने भाषण ठोकलं तर तेही चालणार नाही.

एचआरच्या कागदाकडे येते. तुम्ही त्यातलं एक वाक्य पत्रात उतरवून पाठवलंत, फार बरं केलंत: ‘युनियनच्या पदाधिकाऱ्यांच्या दहशतीमुळे मी आजवर गप्प राहिले.’ तुमच्या पाच पानी पत्रात दहशत हा शब्द कुठेही नाही. तुम्ही अध्यक्षांकडे स्वतःहून गेलात, त्यांनी ऐकून घेतलं, थांबायला सांगितलं. ते चुकीचं होतं, पण ती दहशत नव्हती. हे वाक्य तुमच्यासाठी लिहिलेलं नाही, करारासाठी लिहिलेलं आहे. त्यावर सही केलीत तर तुमची तक्रार एका माणसाविरुद्ध राहणार नाही, संघटनेविरुद्ध होईल. तुमच्या बाजूने उभे राहू शकले असते असे लोकही मग दूर होतील. उद्या उलटतपासणीत ‘कोणती दहशत, कुणी, कधी?’ असं विचारलं, तर जे खरं घडलं त्यावरचाही विश्वास डळमळेल. सही करू नका. साहेबांशी भांडूही नका. ‘माझी तक्रार मी माझ्या हाताने लिहीन आणि समितीकडे देईन’ एवढंच सांगा.

समिती म्हणजे एचआर नव्हे, हा फरक कारखान्यात फार कमी जणांना माहीत असतो. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरच्या पदावरची महिलाच असते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा, स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाचा जाणकार असावा लागतो. समितीचा आदेश दिसेल अशा जागी लावणं बंधनकारक आहे. टाइम ऑफिसबाहेर, कॅन्टीनच्या भिंतीवर शोधा. सापडला नाही तर एचआरला लेखी विचारा: समितीत कोण कोण आहेत? बाहेरची सदस्य कोण, हे तर आवर्जून बघा. कागदावर नाव आहे पण त्या बाईंनी कारखान्याचं तोंडही पाहिलेलं नाही, असं खूपदा असतं.

तक्रार कशी लिहायची? तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘तो नेहमी गैरवर्तन करतो.’ तुमच्या मनात त्यामागे चार महिन्यांचं सगळं भरलेलं आहे, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही. असं लिहा: ‘अमुक तारखेला, सेकंड शिफ्ट, रात्री साडेनऊच्या सुमारास, जेवणाच्या सुट्टीनंतर मी इन्सर्ट बदलून घ्यायला टूल क्रिबकडे गेले. खिडकीवर कुणी नव्हतं. तो मागून आला, माझा उजवा हात मनगटाशी धरला आणि म्हणाला…’ आणि पुढे तो जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. ‘अश्लील बोलला’ असं लिहून सोडू नका. शब्द घाण असले तरी ते त्याचे आहेत, लिहिताना तुम्ही लाजायचं कारण नाही. तारीख नक्की आठवत नसेल तर पंचिंगचा रेकॉर्ड, ओटीची नोंद, सणवार यांच्या आधाराने ठरवा, आणि तरीही नक्की नसेल तर ‘सुमारे’ लिहा. खोटा नेमकेपणा आणू नका.

बसमधलं घालू की नको, असंही तुम्ही विचारलंय. घाला. मालकाने पुरवलेली वाहतूक कायद्याने ‘कामाच्या ठिकाणा’तच मोडते. मेसेजसुद्धा घाला. स्क्रीनशॉट काढाच, पण मूळ मेसेज पुसू नका, फोन बदलू नका, त्याला ब्लॉक केलं असेल तरी चॅट ठेवा. हात धरताना कुणी पाहिलं नसेल. पण तुम्ही लाइनवर परत आलात तेव्हा थरथरत होतात हे कुणी पाहिलं असेल, त्या रात्री तुम्ही मैत्रिणीला फोन केला असेल. तीही साक्षच. नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे असतात. लिहायला जमत नसेल तर समितीनेच मदत करायची आहे, तसं कलमातच आहे.

पुरावा कमी पडला तर? ही भीती सगळ्यांनाच असते, आणि मुद्दाम घातलीही जाते. इथे फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. दोन्ही बाजू ऐकून काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, हे समिती बघते. खोट्या तक्रारीबद्दल कारवाईची तरतूद आहे, पण त्यासाठी तक्रार मुद्दाम, दुष्ट हेतूने केली होती हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. तक्रार शाबित झाली नाही एवढ्यावरून तुमच्यावर कारवाई करता येत नाही, असं कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे.

तक्रार दिल्यावर सात कामाच्या दिवसांत त्याला प्रत जाते, त्याने दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. चौकशी ९० दिवसांत संपवायची, अहवाल पुढच्या दहा दिवसांत, आणि मालकाने ६० दिवसांत त्यावर कृती करायची. प्रत्यक्षात या मुदती ओलांडल्या जातात, म्हणून प्रत्येक टप्प्यावर लेखी विचारत राहा. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानायचा, हे पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालातही सांगितलं. म्हणजे समितीचं काम झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून डोमेस्टिक एन्क्वायरी, म्हणजे कंपनीची खातेनिहाय चौकशी, लावून तुम्हाला तेच सगळं दुसऱ्यांदा सांगायला लावणं योग्य नाही.

चौकशी चालू असताना त्याच्या शेजारी उभं राहून काम करायचं नाही, हे तक्रारीतच मागा. समिती तुमची किंवा त्याची बदली सुचवू शकते, तुम्हाला तुमच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा देऊ शकते. मी तुमच्या जागी असते तर त्याची शिफ्ट बदला असं लिहिलं असतं, माझी नव्हे. बदली बहुधा बाईचीच होते, आणि चार दिवसांत सगळा कारखाना ‘तिलाच हलवलं, म्हणजे काही तरी असेल’ म्हणू लागतो.

युनियनने सुचवलेला मार्गही तुम्ही लिहिलाय: ऑफिसात बोलावून त्याला माफी मागायला लावू, विषय संपवू. समेटाची सोय कायद्यातही आहे. पण ती तुमच्या मागणीवरून, चौकशी सुरू होण्याआधी, समितीमार्फत, लेखी. पैशाच्या देवघेवीवर समेट करता येत नाही. आणि त्याने अटी पाळल्या नाहीत तर चौकशीचं दार पुन्हा उघडतं. युनियन ऑफिसातल्या चहावर झालेल्या माफीला यातलं काहीच नसतं. तुम्हाला मनापासून माफी पुरेशी वाटत असेल तर तीही समितीपुढे मागा. माफी नकोच असेल, तर ‘एवढं मोठं मन कर’ म्हणणाऱ्यांना नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

युनियनचा राजीनामा मात्र देऊ नका, निदान आत्ता रागाच्या भरात नको. युनियन तुमचीही आहे. तुम्ही बाहेर पडलात तर कमिटीवर तो राहील आणि तुम्ही नसाल, हा कुठला न्याय? केरळात मुन्नारच्या चहामळ्यांतल्या बाया २०१५ मध्ये बोनससाठी रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांनी प्रस्थापित युनियनच्या पुरुष पुढाऱ्यांना जवळ फिरकू दिलं नव्हतं. तसा दिवसही येतो. पण त्या हजारोंनी एकत्र निघाल्या होत्या. तुम्ही आज एकट्याने राजीनामा दिलात तर त्याची दखल फक्त एचआर घेईल, आणि तीही खूश होऊन.

त्याऐवजी अध्यक्षांना एक पत्र द्या, छोटं. तक्रारीचा मजकूर त्यात नको, गोपनीयता राखायची आहे. मागण्या दोनच. एक, चौकशी चालू आहे तोवर त्या मेंबरने वाटाघाटीच्या टेबलावरून आणि कमिटीच्या कामातून बाजूला व्हावं. दुसरी, माझ्यावर किंवा माझ्या साक्षीदारांवर कुणीही, कोणत्याही बाजूने दबाव आणणार नाही हे युनियनने बघावं. ‘तोही आमचा सभासद आहे, त्याची बाजू कोण घेणार?’ असं ते म्हणतील. म्हणू द्या, त्यात गैर नाही. आरोप झालेल्या कामगाराला रीतसर ऐकून घेतलं जावं हे बघणं युनियनचं कामच आहे. आणि खरं सांगू, ते तुमच्याही फायद्याचं आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने चौकशी घाईघाईने उरकली, प्राध्यापकाला बाजू मांडायला पुरेसा अवधी दिला नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. तक्रारी २००९ च्या होत्या. चौदा वर्षांनी पुन्हा समितीचं दार! तेव्हा त्याला कागद मिळू देत, साक्षीदार आणू दे, वेळ मिळू दे. त्याला न्याय्य संधी देणं वेगळं आणि तुम्हाला गप्प बसवणं वेगळं. युनियनने पहिलं जरूर करावं, दुसरं करू नये.

तक्रारीनंतर सूड उगवला गेला तर? अचानक मेमो, विनाकारण बदली, ओटी बंद. महाराष्ट्रातल्या कामगारांना ‘यूएलपी टाकणं’ ठाऊक आहे, १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची केस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, म्हणून केस कुठे आणि कोणत्या कलमाखाली लावायची हे कामगार कायद्याच्या वकिलाला विचारूनच ठरवा. सूडबुद्धीची कारवाई जुन्या यादीतही अनुचित होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या यादीतही आहे. समितीपुढे मात्र वकील उभा करता येत नाही, तुम्हालाही नाही आणि त्यालाही नाही. पोलिसांत जायचं का? हात धरणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा होऊ शकतो, आणि तुम्ही ठरवलंत तर फिर्याद द्यायला मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. समिती आणि पोलीस हे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात. आधी कुठला, हे तुमच्या मनाच्या तयारीवर सोडते.

आता सेटरच्या जागेबद्दल. तुम्ही ते शेवटी, जवळजवळ माफी मागत लिहिलंय, ‘हे तसं किरकोळ आहे’ म्हणून. किरकोळ नाही. ज्या कारखान्यात ‘बायकांना सेटिंग झेपत नाही’ हे उघड बोलता येतं, तिथेच बाई एकटी गाठून हात धरण्याची हिंमत होते. सेटरचा ग्रेड वेगळा, म्हणजे दरमहा पगार वेगळा, म्हणजे निवृत्तीपर्यंतचा फंड वेगळा. वेतन संहितेच्या कलम ३ प्रमाणे वेतनात आणि नोकरीच्या अटींत लिंगावरून भेदभाव करायला मनाई आहे. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असायला हवी. तिच्याकडे वर्षभराच्या आत अर्ज करता येतो आणि तिने तीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. पण हे प्रकरण पॉशच्या तक्रारीत मिसळू नका. दोन कागद, दोन समित्या.

आणि हाच विषय कराराच्या टेबलावर जाऊ शकतो! अध्यक्ष म्हणतात करार तोंडावर आहे. बरंच झालं की. मागणीपत्रात बायकांच्या किती मागण्या आहेत ते विचारा. सेटर, इन्स्पेक्टर या जागांची भरती सेवाज्येष्ठता आणि ट्रेड टेस्टवर, उघड यादी लावून. सेकंड शिफ्टच्या बसमध्ये महिलांसाठी राखीव सीट. टूल क्रिबजवळ दिवा आणि कॅमेरा. अंतर्गत समितीची नावं मराठीत, फोन नंबरसकट. वाटाघाटीच्या टीममध्ये किमान एक महिला. हे कुठेच घडत नाही असं समजू नका. तमिळनाडूतल्या दिंडिगलमध्ये कपड्याच्या एका कारखान्यातल्या तरुण दलित कामगार मुलीचा २०२१ च्या जानेवारीत खून झाला, आरोप तिच्याच सुपरवायझरवर होता. दलित महिलांच्या नेतृत्वाखालच्या तिथल्या युनियनने प्रकरण सोडलं नाही. २०२२ मध्ये कंपनी आणि तिच्याकडून कपडे घेणारे परदेशी ब्रँड यांच्याशी लेखी करार झाले. बायका-मुलींना प्रशिक्षण देऊन त्यांनाच फ्लोअरवर लक्ष ठेवायला नेमलं गेलं, लिंग आणि जात दोन्हींवरून होणाऱ्या छळाविरुद्ध. तिथे छळाचा प्रश्न करारात अडथळा ठरला नाही, करार त्याच्यावरच झाला.

ती ट्रेनी मुलगी. तुम्ही लिहिता, ‘तेव्हा मी बोलायला हवं होतं.’ तिच्या वतीने तुम्ही आत्ता तक्रार करू नका, तिला न विचारता तिचं नावही घालू नका. तिचा नंबर असेल तर फोन करा. मी बोलणार आहे, तुला सांगायचं असेल तर सांग, नसेल तरी चालेल, एवढंच. तिच्या प्रकाराची मुदत बहुधा गेली असेल, पण तुमच्या तक्रारीत ती साक्षीदार होऊ शकते. ट्रेनी होती म्हणून तिला हक्क नव्हता, असंही नाही. ट्रेनी, अप्रेंटिस, कॉन्ट्रॅक्टवरची, रोजंदारीवरची, सगळ्या या कायद्यात येतात.

असंच पत्र मनात ठेवून बसलेल्या इतरांसाठी दोन शब्द. तुमच्याकडे दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. समिती असायला हवी होती आणि नेमलीच नसेल, तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही देता येते. लाइनवर जातीवरून टोमणे मारले जात असतील तर तो विषय पॉशचा नाही, अॅट्रॉसिटीचा आहे. त्याची मुदत, पोलीस ठाणं, कागद सगळं वेगळं. पुरुष कामगारांना पॉशखाली तक्रार करता येत नाही. छळ पुरुषाचाही होतो, पण त्याला स्थायी आदेश (कारखान्याचे लेखी सेवा-नियम), तक्रार निवारण समिती आणि युनियन हेच मार्ग आहेत. म्हणून छळाविरुद्धचं कलम सगळ्यांसाठी करारातच घालून घेणं पुरुषांच्याही हिताचं.

ताई, या आठवड्यात एवढंच करा. सुट्टीच्या दिवशी वही घेऊन बसा आणि दिवाळीपासूनचं सगळं तारखेवार लिहून काढा, शुद्धलेखनाची पर्वा न करता. त्यावरून तक्रार तयार करा. तक्रार अंतर्गत समितीच्या अध्यक्षांच्या नावाने द्या, एचआर मॅनेजरच्या नावाने नको. एक प्रत स्वतःकडे ठेवून तिच्यावर सही-शिक्का, तारखेसकट पोच घ्या. पोच द्यायला कुणी टाळाटाळ केली तर त्याच दिवशी ईमेल करा आणि रजिस्टर्ड एडीनेही पाठवा. आणि ती वही, ती पोच, मेसेजच्या प्रिंट कंपनीच्या लॉकरमध्ये नको, घरी ठेवा.